विधी, समारंभ, रीत: स्पॅनिशमध्ये कुठला शब्द कुठे वापरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळ तुम्ही घरातच पाहुणे ठेवता. हल्ली स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिनाहून लोक येऊ लागलेत आणि स्पॅनिशचे सुरुवातीचे धडे तुम्ही पुरे केलेत. आता घरची पूजा, तुळशीपुढचा दिवा, देवळातली पालखी, शेजारच्या वाड्यावरची लादाईन (क्रूसापुढची ख्रिस्ती प्रार्थना) हे सगळं त्यांना सांगायचंय, तर ‘विधी’ला स्पॅनिश शब्द कुठला? शब्दकोशात सेरेमोनिआ, रितो आणि रितुआल असे तीन सापडले, आणि तिन्हींपुढे जवळजवळ एकच अर्थ लिहिलेला.

मी गोव्यात स्पॅनिश शिकवतो आणि हंगामात दुभाष्या म्हणून पाहुण्यांबरोबर देवळं-इगर्ज्या (चर्च) फिरतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. एकच शब्द पाठ करायचा असेल तर ‘ला सेरेमोनिआ’ करा, तो कुठेही फारसा दगा देत नाही. पण खरं सांगायचं तर या सर्वसाधारण शब्दांची गरज तुम्हाला वाटतेय त्याच्या निम्मीसुद्धा पडणार नाही.

आपल्याकडे तरी घरात ‘विधी केला’ असं कोण म्हणतं? लग्न लागतं, नवस फेडतात, ओटी भरतात, उपास धरतात, सुतक पाळतात, दिवा लावतात. प्रत्येक गोष्टीचं स्वतःचं नाव आणि स्वतःचं क्रियापद. ‘विधी’ हा शब्द पत्रिकेत नाहीतर भटजींच्या तोंडी. स्पॅनिशचंही असंच आहे. नोव्हेना (नऊ दिवसांची ख्रिस्ती प्रार्थना) ‘रेसार’ करतात, म्हणजे म्हणतात. मृताशेजारी ‘बेलार’ करतात, म्हणजे जागतात. शोक ‘ग्वार्दार’ करतात, म्हणजे पाळतात. बोललेली गोष्ट ‘कुम्प्लिर’ करतात, म्हणजे पुरी करतात. शिकणारा मराठी माणूस सगळीकडे ‘आसेर’, म्हणजे ‘करणे’, लावून मोकळा होतो. समोरच्याला कळतं, पण बोलणं पाट्या वाचल्यासारखं होतं. नाम पाठ करताना त्याचं लिंग आणि त्याचं क्रियापद बरोबरच पाठ करा.

(उच्चार मी दक्षिण अमेरिकेतले लिहितोय. स्पेनच्या बहुतेक भागात ‘सेरेमोनिआ’मधला पहिला स जीभ दातांत धरून काढतात, साधारण ‘थ’च्या अंगाने. आघात ‘मो’वर. ‘रितो’चा सुरुवातीचा र मात्र दोन्हीकडे चांगला कंप देऊन म्हणायचा. त आपला दंत्य तच, तिथे आपल्याला काही शिकावं लागत नाही.)

आता ते तीन शब्द. मी विद्यार्थ्यांना सांगतो की कोण करतं, कुठे करतं ते बघा. सेरेमोनिआमध्ये ठरलेली मांडणी असते आणि बघायला माणसं असतात. लग्नाचा मुख्य भाग, इफ्फी चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन, पदवीदान हे सगळं सेरेमोनिआ. रितो म्हणजे धर्माने किंवा परंपरेने घालून दिलेली कृती: मुंजीत जानवं घालणं हा रितो, मंगलाष्टकं झाल्यावर अंतरपाट दूर करणं हा रितो. एका सेरेमोनिआत असे कितीतरी रितो मावतात. आणि रितुआल? कॅथलिक पाद्रीच्या हातातल्या विधिग्रंथालाही हेच नाव आहे, 1614 मध्ये रोमहून निघालेला तो रितुआल रोमानो. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द सैल झालाय. सकाळी उठून आधी चहा, मग पेपर, मग बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी, हा कुणाचा तरी ‘रितुआल’. म्हणजे तुमच्या ‘रोजच्या विधीं’साठी शब्दकोशाने दिलेल्या तिघांतला हाच उपयोगी.

शब्दकोशाने न दिलेले दोन शब्द मी यात घालीन. ‘ला कोस्तुम्ब्रे’ म्हणजे रीत, पद्धत. “आमच्यात असं करतात” याचं उत्तम स्पॅनिश ‘एस कोस्तुम्ब्रे’ एवढंच. दुसरा ‘एल आक्तो’. 19 डिसेंबरचं मुक्तिदिनाचं झेंडावंदन, शाळेचं स्नेहसंमेलन, पुस्तक प्रकाशन, पुढाऱ्यांची भाषणं, या सगळ्याला स्पॅनिश माणूस सहज आक्तो म्हणतो. अर्जेंटिनात शाळेतल्या राष्ट्रीय दिवसाच्या कार्यक्रमाला ‘आक्तो एस्कोलार’ म्हणतात. मराठीत ‘कार्यक्रम’ जिथे बसतो तिथे निम्म्या वेळा आक्तो बसतो.

पूजेकडे येऊ, कारण तिथे एक खड्डा आहे. इंग्रजीच्या सवयीने ‘पूजा’ रोमन लिपीत लिहिली की स्पॅनिश वाचणारा ती ‘पुहा’ वाचतो, कारण त्यांचा जे हा ह-ख यांच्या मधला कुठेतरी उच्चारतात. आणि पुहा हा स्पॅनिशमध्ये चांगला रुळलेला शब्द आहे: लिलावातली बोली! पाहुण्यांच्या कागदावर “सकाळी सात वाजता पुहा” असं छापलंत तर पाहुणे पैसे घेऊन बसतील. तोंडाने सांगताना ‘पूजा’च म्हणा आणि लगेच पुढे जोडा: ‘उना ओफ्रेन्दा आ ला इमाहेन देल दिओस’, देवाच्या मूर्तीला केलेलं अर्पण. मूर्तीला ‘इमाहेन’ म्हणायचं. ‘इदोलो’ हा शब्द शब्दकोशात दिसेल, पण त्याला मिशनऱ्यांच्या काळापासूनचा तुच्छतेचा वास आहे. स्पॅनिश माणूस आपल्या इगर्जीतल्या संताच्या मूर्तीला इमाहेन म्हणतो, मग आपल्या मंगेशालाही तोच मान द्यावा.

ओफ्रेन्दा हा शब्द मेक्सिकोच्या पाहुण्यांपुढे तर सोन्याचा. 1 आणि 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते घरात जी मांडणी करतात तिचं नावच ओफ्रेन्दा. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं जेवण, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि भरपूर झेंडू. होय, आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. त्याला ते ‘सेम्पासुचिल’ म्हणतात. युनेस्कोने 2008 मध्ये हा सण आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. पितृपक्षातला म्हाळ मेक्सिकन माणसाला समजावायला मला कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त लागली नाहीत. पितरांसाठी पान वाढलेलं बघितलं की तोच म्हणतो, “आ, ओफ्रेन्दा.” स्पेनच्या माणसाला मात्र थोडं अधिक सांगावं लागतं. तिथेही 1 नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं नेतात, पण घरात ताट मांडत नाहीत.

पालखीला शब्दकोश ‘पालान्किन’ देईल. चुकीचा नाही, पण त्याने डोळ्यांपुढे येतो तो कुणी सरदार. मंगेशीची सोमवारची पालखी सांगताना मी ‘लास आन्दास’ म्हणतो. देवाची किंवा संताची मूर्ती खांद्यावरून नेण्याचं जे साधन, ते आन्दास, कायम अनेकवचनी. पेरूच्या राजधानीत, लिमाला, ऑक्टोबरात ‘सेन्योर दे लोस मिलाग्रोस’ची मोठी मिरवणूक निघते. जांभळे झगे घातलेली माणसं ती आन्दास आळीपाळीने खांद्यावर घेतात. सेव्हियात पवित्र आठवड्यातल्या तशाच प्रचंड लाकडी मंचाला ‘पासो’ म्हणतात आणि त्याच्याखाली दडून तो मानेवर पेलणाऱ्यांना ‘कोस्तालेरो’. सेव्हियाचा पाहुणा पालखीच्या भोयांकडे ज्या नजरेने बघतो ती बघण्यासारखी असते. वजन किती, खांदा कधी बदलतात, ताल कोण देतं, सगळं विचारतो. तिथे तुमचं स्पॅनिश कितीही मोडकं असू द्या, गप्पा थांबत नाहीत.

जत्रेला ‘फेरिआ’ म्हणू नका, निदान एकट्या फेरिआने भागवू नका. फेरिआ म्हणजे दुकानं, पाळणे, खाजं. देवासाठी चालत जाणं, मग तिथे दर्शन, जेवण, नाच असा सगळा प्रकार म्हणजे ‘रोमेरिआ’, आघात ‘रि’वर. दक्षिण स्पेनच्या उएल्वा प्रांतातली एल रोसिओची रोमेरिआ सगळ्यांना ठाऊक असते, तिचं नाव घेतलंत की समोरच्याला जत्रा कळली. गावदेवीच्या वार्षिक उत्सवाला ‘फिएस्तास पात्रोनालेस’. आणि शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत करणारे भक्त, निखाऱ्यांवरून चालतात हे सांगितल्यावर पाहुणा डोळे विस्फारू लागला, तर त्याला त्याच्याच देशातलं सान पेद्रो मान्रिके आठवून द्या. सोरिया प्रांतातलं लहान गाव. तिथे 23 जूनच्या रात्री, सान हुआनच्या आदल्या रात्री, गावकरी कुणाला तरी पाठीवर घेऊन निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. नाव ‘पासो देल फुएगो’. निखाऱ्यांना ‘ब्रासास’.

सान हुआन, म्हणजे संत जॉनचा सण, हे आपलं सांजांवच, 24 जून. स्पेनमध्ये आदल्या रात्री किनाऱ्यांवर होळ्या पेटतात आणि आपल्याकडे भर पावसात कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. तिकडे आग, इकडे पाणी!

नवसाला मेक्सिकोत आणि चिलीत ‘मान्दा’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘प्रोमेसा’. ‘पागार उना मान्दा’ म्हणजे नवस फेडणे, क्रियापदसुद्धा आपल्यासारखं पैशाच्या व्यवहारातलं. 12 डिसेंबरला मेक्सिको शहरात ग्वादालुपेच्या देवळापर्यंत गुडघ्यांवर सरकत जाणारे लोक मान्दाच फेडत असतात. नवस फेडताना वाहिलेली वस्तू ‘एक्सबोतो’. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात ना, तीच ही गोष्ट. मेक्सिकोत पत्र्याच्या किंवा चांदीच्या अशा लहान अवयवांना ‘मिलाग्रितो’ म्हणतात. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे चमत्कारांच्या मेरीमातेला, तिकडचा माणूस घेऊन गेलात तर तिचं नाव त्याला भाषांतराशिवाय कळेल. ती लईराईची बहीण कशी, हे मात्र तुम्हाला सांगावं लागेल, आणि हिंदू तिला तेल का वाहतात तेही.

आता लादाईन, फेस्त, नोव्हेना, इंत्रूज (कार्निव्हल). इथे गोव्याच्या माणसाला आयता फायदा आहे, कारण हे शब्द पोर्तुगीजमधून कोकणीत आले आणि पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी बहीण. फेस्त आणि फिएस्ता, मीस आणि मिसा, नोव्हेना आणि नोबेना. इंत्रुजाला तर स्पॅनिशच्या जुन्या, खेड्यातल्या बोलीत ‘आन्त्रुएहो’ असं भावंड आहे, जरी आज सगळे कार्नाबाल म्हणतात. पण सख्ख्या बहिणीच जास्त फसवतात. शेजाऱ्यांच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) लादाईन असते, म्हणजे गाणं, प्रार्थना, नंतर उकडलेले चणे आणि थोडी फेणी. तिला स्पॅनिशमध्ये ‘लेतानिआ’ म्हटलंत तर पाहुण्याला वाटेल एक लांबलचक प्रार्थना, कारण त्या भाषेत लेतानिआ म्हणजे रटाळ यादीसुद्धा. ‘रेसो’ म्हणा. कोस्ता रिकात नाताळानंतर घराघरांत बाळ येशूसाठी ‘रेसो देल निन्यो’ असतो, तोही खाऊपिऊ घालून. लादाईनीला याहून जवळचं मला काही सापडलेलं नाही.

आणि ‘सोब्रेमेसा’. जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरात हा शब्द जेवणानंतरच्या गोडासाठी. स्पॅनिशमध्ये गोड संपलं, कॉफी संपली तरी टेबलावरून न उठता तास-तास गप्पा मारत बसणं म्हणजे सोब्रेमेसा. तुमच्या पाहुण्यांच्या रोजच्या रीतींत ही पहिल्या नंबरची. दुपारचं जेवण झालं की ताटं उचलायची घाई करू नका, त्यांना ते हाकलल्यासारखं वाटतं. आपल्याकडे जेवलं की आधी उष्टं काढायचं हे वळण असतं, त्यामुळे सुरुवातीला हात शिवशिवतात. (सुशेगादचं स्पॅनिश भावंड ‘सोसेगादो’. अर्थ फक्त शांत. त्यात दुपारची झोप, अंगणातली आरामखुर्ची वगैरे काही नाही.)

संत फ्रान्सिस झेवियरबद्दल विचारणारे पाहुणे हमखास भेटतील. त्यांच्या तोंडी ते ‘सान फ्रान्सिस्को हाबिएर’. 1506 मध्ये नाव्हारातल्या हाबिएरच्या गढीत जन्म, 1542 मध्ये गोव्यात, 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मृत्यू. म्हणून 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्त आणि त्याच दिवशी नाव्हारा प्रांताचा अधिकृत दिवस. नोव्हेना आपल्याकडे 24 नोव्हेंबरपासून. तिकडे 4 ते 12 मार्च ‘नोबेना दे ला ग्रासिआ’ असते आणि त्याच सुमारास लोक गढीपर्यंत चालत जातात, त्या वारीला ‘हाबिएरादा’ म्हणतात. पाम्प्लोनाच्या माणसाला ‘हाबिएरादा’ हा शब्द तुमच्या तोंडून ऐकायला मिळाला तर पुढचे दोन दिवस तो तुमच्याच घरी जेवेल.

सगळ्यात जपून बोलायचं ते दोन ठिकाणी: बारसं आणि मृत्यू.

बारशाला ‘बाउतिसो’ म्हणायचा मोह होतो, कारण त्यातही बाळ, नाव आणि जेवणावळ. पण बाउतिसो ख्रिस्ती आहे. संस्कार तो ‘बाउतिस्मो’, त्याचा सोहळा आणि मेजवानी तो ‘बाउतिसो’. आपल्यासाठी ‘सेरेमोनिआ पारा पोनेर एल नोम्ब्रे’, नाव ठेवण्याचा समारंभ, हे सरळ आणि पुरेसं. लग्नाला अडचण नाही. ‘ला बोदा’ कुठल्याही धर्माची असते, तिचं क्रियापद ‘सेलेब्रार’. ‘मात्रिमोनिओ’ म्हणजे विवाहसंस्था आणि नवराबायकोचं जोडपंही. “एक मात्रिमोनिओ आलंय” म्हणजे एक दांपत्य आलंय, लग्न नव्हे. लग्नाआधीचा कॅथलिकांचा रोस किंवा आपली हळद सांगायला ‘उन्हिर’ हे क्रियापद घ्या, अंगाला लावून पवित्र करणे. नारळाच्या रसाने, हळदीने ‘उन्हेन आ ला नोबिआ’.

मृत्यूचं बघा. प्रेताजवळ जागण्याला स्पेनमध्ये ‘बेलातोरिओ’, अमेरिकेत ‘बेलोरिओ’. मेक्सिकोत दफनानंतर नऊ दिवस घरी प्रार्थना चालते, ती ‘नोबेनारिओ’. सणाआधीची ती नोबेना, मरणानंतरची नोबेनारिओ, ही गल्लत करू नका. शेवटच्या दिवशी ‘लेबान्तादा दे ला क्रुस’, जमिनीवर मांडलेला क्रूस उचलतात. दहावा-बारावा-तेराव्याची कल्पना मेक्सिकन माणसाला म्हणूनच परकी नाही. वर्षश्राद्धाला जुना शब्द ‘काबो दे आन्यो’ आहे. सुतकाला मात्र ‘लुतो’ नेमका बसत नाही. लुतो म्हणजे शोक, काळे कपडे. देवळात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, ही विटाळाची बाजू त्यात येत नाही, ती वेगळी सांगावी लागते. घरात सुतक असताना पाहुणे आलेच, तर “एस्तामोस दे लुतो” एवढं म्हणा. बाकी ते विचारणार नाहीत.

कुणा पाहुण्याच्या घरी दुःखाची बातमी आली तर स्पेनच्या माणसाला ‘ले आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो’, तुमच्या दुःखात सोबत आहे. मेक्सिकोच्या माणसाला ‘मि मास सेन्तिदो पेसामे’. ही वाक्यं जशीच्या तशी पाठ करा, त्यात स्वतःची भर घालू नका. आनंदाच्या प्रसंगी स्पेनमध्ये ‘एनोराबुएना’, इतरत्र ‘फेलिसिदादेस’ किंवा ‘फेलिसितासिओनेस’.

अर्जेंटिनाचे पाहुणे आपला माते घेऊनच येतील: भोपळ्याची वाटी, धातूची नळी, थर्मासात गरम पाणी. एकजण पाणी ओतून प्रत्येकाच्या हाती तीच वाटी आळीपाळीने देतो. याचं क्रियापद ‘सेबार’, चहा-कॉफीसारख्या पेयांना ते सहसा लागत नाही. तुम्हाला वाटी दिली तर नळी ढवळायची नाही, तळाला आवाज येईपर्यंत ओढायचं आणि वाटी काही न बोलता परत द्यायची. ‘ग्रासिआस’ म्हणालात की तुम्हाला पुरे झालं असा अर्थ, पुढच्या फेरीत वाटी येत नाही. आणि सगळ्यांनी एकाच नळीने पिणं तुमच्या घरात कुणाला चालणार नसेल, तर आधीच हसून ‘नो तोमो माते’ सांगा, कुणाला वाईट वाटत नाही.

राहिला तुमचा तुळशीपुढचा दिवा. त्यासाठी रितो नको आणि सेरेमोनिआही नको. ‘कादा तार्दे एन्सिएन्दो उना लाम्पारा आन्ते ला आल्बाआका साग्रादा.’ रोज संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा लावते. आल्बाआका साग्रादा म्हणजे पवित्र तुळस, नुसती आल्बाआका म्हटली तर ती इटालियन जेवणातली. तुळशीवृंदावनाला ‘पेदेस्ताल’ चालेल. का लावता असं विचारलं आणि पुराण सांगायला स्पॅनिश पुरलं नाही, तर ‘एस कोस्तुम्ब्रे दे ला कासा’ म्हणा, आणि त्यांना दिवा लावायचा असेल तर काडेपेटी पुढे करा.